ब्रिट शालोम व इहूद

पॅलेस्टाइनमध्ये ज्यू व अरब या दोन्ही लोकसमूहांना समान राजकीय हक्क देणारे एकच द्विराष्ट्रीय राज्य स्थापन व्हावे, यासाठी प्रयत्न करणाऱ्या झायनवादी विचारवंतांच्या दोन संघटना. ब्रिट शालोम (हिब्रू भाषेतील अर्थ ‘शांतीचा करार’) ही संघटना १९२५ मध्ये जेरूसलेम येथे स्थापन झाली व १९३३ च्या सुमारास मावळली. इहूद (अर्थ ‘एकता’) ही १९४२ मध्ये स्थापन झाली आणि इझ्राएलच्या निर्मितीनंतरही तेथील अल्पसंख्य अरबांच्या नागरी हक्कांसाठी तिचे कार्यकर्ते लिहीत व बोलत राहिले. दोन्हींची सदस्यसंख्या अत्यल्प होती. ब्रिट शालोमचे सभासद तर दोनशेच्या आसपासही क्वचितच असतील. तथापि त्यांत हिब्रू विद्यापीठाचे संस्थापक, विख्यात तत्त्वज्ञ व इतिहासकार, झायनवादी संघटनेच्या वसाहत-कार्याचे प्रमुख अशा व्यक्ती असल्यामुळे त्यांच्या मतांना संख्येच्या मानाने पुष्कळच महत्त्व प्राप्त झाले. हे लोक झायनवादाचे विरोधक नव्हते. ज्यूंनी पॅलेस्टाइनमध्ये परत यावे, हिब्रू भाषेचे पुनरुज्जीवन व्हावे, यांबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. मात्र त्या भूमीत आधीपासून राहणाऱ्या लोकांच्या संमतीवाचून हे कार्य करणे नैतिक दृष्ट्या असमर्थनीय व व्यवहारतः विनाशकारी आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

पार्श्वभूमी : या विचाराचे मूळ झायनवादाच्या आरंभकाळातच सापडते. आहाद हाआम या टोपणनावाने लिहिणारे आशर गिन्सबर्ग (१८५६–१९२७) यांनी १८९१ मध्ये पॅलेस्टाइनचा प्रवास करून लिहिलेल्या निबंधात, हा देश ओसाड आहे ही यूरोपातील ज्यूंची समजूत चुकीची असल्याचे दाखवून दिले. लागवडीस योग्य असूनही पडीक असलेली जमीन तेथे फारशी सापडत नाही, अरब हे अडाणी व आंधळे नाहीत आणि काही वसाहतकार त्यांच्याशी उद्दामपणे वागतात, असे त्यांनी स्पष्टपणे नमूद केले. यित्झाक एप्स्टाइन (१८६२–१९४३) या गॅलिलीतील शिक्षकाने हाच मुद्दा अधिक मूलगामी रीतीने मांडला. बाझेल येथे १९०५ मध्ये भरलेल्या सातव्या झायनवादी अधिवेशनाच्या वेळी त्यांनी दिलेले व १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेले व्याख्यान ‘दृष्टिआड राहिलेला प्रश्न’ या आशयाच्या शीर्षकाने ओळखले जाते. मेतुला येथील जमीन तिच्या दूरस्थ मालकाकडून रीतसर विकत घेण्यात आली होती. परंतु ती पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या द्रूझ कुळांना त्यामुळे गाव सोडावे लागले होते. कायद्याने निर्दोष असलेला व्यवहार न्यायाने निर्दोष ठरतोच असे नाही, हे एप्स्टाइन यांचे प्रतिपादन. कूळकायद्याचा इतिहास ज्यांना परिचित आहे, त्या महाराष्ट्रातील वाचकांस ते समजावून सांगण्याची गरज नाही. अधिवेशनात मात्र या व्याख्यानाचा परिणाम फारसा झाला नाही.

ब्रिटिश सरकारने २ नोव्हेंबर १९१७ रोजी बॅल्फर जाहीरनामा काढून ज्यूंच्या राष्ट्रीय निवासस्थानास पाठिंबा दिला व १९२२ मध्ये राष्ट्रसंघाने पॅलेस्टाइनचे प्रशासन महादिष्ट पद्धतीनुसार ब्रिटनकडे सोपविले. त्या वर्षीच्या जनगणनेनुसार देशाची लोकसंख्या सु. ७,५७,००० असून तीत ज्यूंचे प्रमाण ११ टक्के होते. जाहीरनाम्यात ज्यूंचा उल्लेख लोकसमूह म्हणून होता, तर उर्वरित ८९ टक्क्यांचा केवळ ‘ज्यूतर समाज’ असा होता व त्यांना नागरी आणि धार्मिक हक्कांची हमी होती. राजकीय हक्कांचा निर्देश नव्हता. ही त्रुटी ज्यूंपैकीच काहींना खटकली. कार्ल्सबाट येथील १९२१ च्या अधिवेशनात तत्त्वज्ञ मार्टिन बूबर (१८७८–१९६५) यांनी अरबांशी न्याय्य सहकार्याचा ठराव मांडला. मसुदा समितीने शब्दांची इतकी काटछाट केली, की मूळ आशय जवळजवळ नाहीसा झाला. पक्षीय राजकारणावरचा बूबर यांचा विश्वास तेव्हापासून उडाला.

ब्रिट शालोम : संघटनेच्या स्थापनेत आर्थर रुपिन (१८७६–१९४३) यांचा पुढाकार होता. १९०८ पासून याफा येथील झायनवादी कचेरीचे प्रमुख म्हणून जमीनखरेदी व वसाहतींची उभारणी यांची सूत्रे त्यांच्याकडे होती. दुसरे प्रमुख सदस्य हाइम मार्गालियोत काल्वारिस्की (१८६८–१९४७) हेही गॅलिलीत जमिनी खरेदी करणाऱ्या संस्थेचे व्यवस्थापक होते. ज्या दोघांच्या सह्यांनी अरब कुळे जमिनीवरून उठली, तेच अरबांशी सलोखा करण्यासाठी पुढे सरसावले, ही बाब वरकरणी विसंगत वाटते. परंतु प्रश्नाचे खरे स्वरूप त्यांनीच सर्वांआधी प्रत्यक्ष पाहिले होते. तायबेरियसच्या परिसरातून उठविलेल्या कुटुंबांचा आक्रोश आपण कधीही विसरू शकलो नाही, अशा आशयाचे उद्‌गार काल्वारिस्की यांनी पुढे काढले. ते अस्खलित अरबी बोलत. संघटनेतील बहुतेकांना ती भाषा येत नव्हती.

उर्वरित सदस्यांत मध्य यूरोपातून आलेल्या, जर्मन भाषेत शिक्षण झालेल्या तरुण विद्वानांचा भरणा होता. ह्यूगो बेर्गमान (१८८३–१९७५), हान्स कोन (१८९१–१९७१) व बर्लिनच्या एका प्रभावी झायनवादी पत्राचे संपादक रोबेर्ट वेल्च (१८९१–१९८२) हे तिघे प्रागमधील ‘बार कोखबा’ या विद्यार्थिमंडळातून आलेले होते (बेर्गमान हे कादंबरीकार फ्रांट्स काफ्का यांचे शाळासोबती). ज्यू गूढवादाचे अभ्यासक गेर्शोम शोलेम (१८९७–१९८२) व शिक्षणतज्ञ अर्न्स्ट सायमन (१८९९–१९८८) हे जर्मनीतून आले. प्रागच्या मंडळींचा अनुभव विशेष होता. चेक व जर्मन या दोन राष्ट्रवादांच्या संघर्षात ज्यूंची होणारी ओढाताण त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. ऑस्ट्रिया-हंगेरीचे बहुराष्ट्रीय साम्राज्य त्यांच्या डोळ्यांदेखत कोसळले आणि त्याच्या जागी निर्माण झालेल्या प्रत्येक राष्ट्रराज्यात नवे अल्पसंख्य समाज असुरक्षित झाले. बहुसंख्याकांच्या मालकीचे राज्य ही कल्पनाच सदोष आहे, हा निष्कर्ष त्यांनी यावरून काढला. राष्ट्र आणि राज्य यांची सीमा एकच असण्याचे कारण नाही. स्वित्झर्लंडप्रमाणे भिन्न भाषिक समाज एका राज्यात समान दर्जाने नांदू शकतात, असे ते म्हणत.

संघटनेच्या नियमावलीत दोन सांस्कृतिक दृष्ट्या स्वायत्त लोकसमूहांची पूर्ण राजकीय समता हे ध्येय नमूद केलेले होते. संख्येने कोण अधिक व कोण उणे, यावर सत्तेची वाटणी अवलंबून राहू नये, हा त्यातील गाभा. संघटनेच्या शेइफोतेनू (अर्थ ‘आमच्या आकांक्षा’) या नियतकालिकात शेती, सहकार, कामगार संघटना, नगरपालिका आणि शिक्षण या क्षेत्रांतील संयुक्त कार्याच्या योजनांवर चर्चा होई. देशात प्रातिनिधिक विधिमंडळ स्थापन करावे, या मागणीस तिने पाठिंबा दिला. प्रमुख झायनवादी पक्षांचा तीस विरोध होता, कारण अशा मंडळात अरबांचे बहुमत होऊन ज्यूंच्या आगमनास आळा बसला असता.

ऑगस्ट १९२९ मध्ये जेरूसलेममधील पश्चिम भिंतीच्या वादातून दंगली उसळल्या. त्यांत १३३ ज्यू व ११६ अरब मृत्युमुखी पडले. हेब्रॉन येथे तर ६७ ज्यूंची हत्या झाली. या घटनेने संघटना दुभंगली. रुपिन यांनी अध्यक्षपद सोडले. अरब जे देऊ करतील त्याची ज्यूंना आवश्यकता नाही व ज्यूंना ज्याची आवश्यकता आहे ते अरब देणार नाहीत, अशा निराश निष्कर्षाप्रत ते अखेर पोहोचले. हान्स कोन यांनी नेमका उलट निष्कर्ष काढला. बारा वर्षांत अरबांची संमती मिळविण्याचा मनापासून प्रयत्नच झालेला नाही, असे म्हणून ते झायनवादी संघटनेतून बाहेर पडले व पुढे अमेरिकेत राष्ट्रवादाचे इतिहासकार म्हणून नावारूपास आले. बेर्गमान, शोलेम व सायमन या तरुण गटाने काम नेटाने चालू ठेवले. मात्र वातावरण झपाट्याने बदलत होते. नॉर्मन बेंट्‌विच हे पॅलेस्टाइन सरकारचे माजी महाधिवक्ता व या विचाराचे सहानुभूतिदार. १९२९ मध्ये एका अरबाने त्यांच्यावर गोळी झाडली होती. हिब्रू विद्यापीठात आंतरराष्ट्रीय शांततेच्या अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा फेब्रुवारी १९३२ मधील त्यांचे पहिले व्याख्यान उग्र राष्ट्रवादी ज्यू विद्यार्थ्यांनी उधळून लावले व पोलिसांना पाचारण करावे लागले.

मॅग्नस व स्थलांतराचा प्रश्न : या प्रवाहाचे सर्वांत ख्यातनाम पुढारी ज्यूडा लेऑन मॅग्नस (१८७७–१९४८) हे ब्रिट शालोमचे औपचारिक सभासद कधीच नव्हते. सॅन फ्रॅन्सिस्को येथे जन्मलेल्या या सुधारणावादी धर्मगुरूंनी न्यूयॉर्कमधील ज्यू समाजाचे नेतृत्व केले होते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सहभागास विरोध करून त्यांनी लोकप्रियता गमावली. १९२२ मध्ये ते पॅलेस्टाइनमध्ये आले व १ एप्रिल १९२५ रोजी उद्‌घाटन झालेल्या हिब्रू विद्यापीठाचे प्रथम कुलपती (कार. १९२५–३५) व नंतर अध्यक्ष (कार. १९३५–४८) झाले. संगिनींच्या आधाराने मिळणारे राष्ट्रीय निवासस्थान आपणास नको, ही त्यांची भूमिका १९२९ च्या दंगलींनंतरही अढळ राहिली. कोणत्याही पक्षाचा अधिकार नसताना अरब नेत्यांशी वाटाघाटी करणे हा त्यांचा स्वभाव होता व त्यामुळे झायनवादी नेतृत्व त्यांच्यावर सतत रुष्ट असे. तरीही डेव्हिड बेन-गुरिअन यांनी अरब नेते आउनी अब्द अल्-हादी यांची जुलै १९३४ मध्ये भेट घेतली, ती मॅग्नस यांच्याच घरी.

या सर्व वाटाघाटी एका अंकाभोवती घोटाळत : ज्यूंची संख्या किती असावी? १९३१ च्या जनगणनेत ज्यू सु. १७ टक्के होते. जानेवारी १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला व १९३५ या एकाच वर्षी सु. ६२,००० ज्यू पॅलेस्टाइनमध्ये दाखल झाले. आपण लवकरच स्वतःच्या देशात अल्पसंख्य होणार, ही अरबांची भीती अनाठायी नव्हती. १९३६ च्या अरब उठावाचे ते एक प्रमुख कारण होते. त्याच वर्षी मॅग्नस व अन्य चार प्रतिष्ठित ज्यू नागरिकांनी मूसा अल्-अलामी यांच्याशी बोलणी करून, दहा वर्षांत ज्यूंचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत जावे व तेथे थांबावे, अशा तोडग्याचा विचार केला. शांततेच्या काळात हा तोडगा समंजस ठरला असता. पण ज्या वर्षी जर्मनीतील ज्यूंचे नागरिकत्व हिरावले जाऊन जेमतेम एक वर्ष झाले होते व इतर देशांची दारे एकामागून एक बंद होत होती, त्या वर्षी कमाल मर्यादा मान्य करणे म्हणजे हद्दीबाहेर राहतील त्यांना वाऱ्यावर सोडणे होते. बहुसंख्य ज्यूंनी मॅग्नस यांच्याकडे पाठ फिरविली, त्यास केवळ राष्ट्रीय अहंकार कारणीभूत होता असे मानणे अन्यायाचे होईल. उलटपक्षी यूरोपने केलेल्या पापाचे प्रायश्चित्त पॅलेस्टाइनच्या शेतकऱ्याने का घ्यावे, या अरबांच्या प्रश्नालाही झायनवादी नेतृत्वाकडे उत्तर नव्हते. समानतेच्या पुरस्कर्त्यांची शोकांतिका अशी, की दोन्ही प्रश्न त्यांना सारखेच खरे वाटत होते. ब्रिटिशांनी मे १९३९ च्या श्वेतपत्रिकेने ज्यूंचा प्रवेश पाच वर्षांत ७५,००० वर सीमित केला व त्यानंतरचा प्रवेश अरबांच्या संमतीवर सोपविला. ज्या मर्यादेवर कदाचित करार होऊ शकला असता, ती लादली गेल्यामुळे कराराची उरलीसुरली शक्यताही मावळली.

महात्मा गांधींशी पत्रव्यवहार : हरिजनच्या २६ नोव्हेंबर १९३८ च्या अंकात महात्मा गांधींनी ज्यूंच्या प्रश्नावर लेख लिहिला. ख्रिस्ती जगाचे अस्पृश्य अशी ज्यूंची स्थिती असल्याचे सांगून त्यांनी सहानुभूती व्यक्त केली. परंतु इंग्लंड जसे इंग्रजांचे, तसे पॅलेस्टाइन अरबांचे, असे प्रतिपादून त्यांनी ज्यूंच्या राष्ट्रीय निवासस्थानाची मागणी अमान्य केली व जर्मनीतील ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला. जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळे जाळली गेल्यास तेव्हा पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. फेब्रुवारी १९३९ मध्ये बूबर (जे मार्च १९३८ मध्ये जर्मनीतून जेरूसलेमला आले होते) व मॅग्नस यांनी गांधीजींना स्वतंत्र पत्रे लिहिली व ती पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली. दोघेही गांधीजींना गुरुस्थानी मानणारे असल्यामुळे या पत्रांतील व्यथा विशेष जाणवते. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या पाठीशी भारत ही मायभूमी उभी होती, तशी ज्यूंच्या पाठीशी कोणती भूमी आहे, असे बूबर यांनी विचारले. मात्र पॅलेस्टाइनवर केवळ ज्यूंचाच हक्क आहे, असे त्यांनी म्हटले नाही. दोन भिन्न प्रकारचे, पण सारखेच जिव्हाळ्याचे हक्क येथे समोरासमोर उभे आहेत. त्यांपैकी कोणता श्रेष्ठ हे ठरविता येणार नाही, म्हणून त्यांचा मेळ घातला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मॅग्नस यांचे पत्र अधिक अस्वस्थ आहे. ज्या राजवटीत माणसे रात्रीतून नाहीशी होतात व कोणास कळतही नाही, तेथे सत्याग्रहाला साक्षी कोण, असा प्रश्न उपस्थित करून, आयुष्यभर शांततावादी राहिलेल्या आपणासही हिटलरविरुद्धच्या युद्धाबाबत निश्चय होत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने मांडले. गांधीजींनी या पत्रांना उत्तर दिल्याचे आढळत नाही.

इहूद : न्यूयॉर्कमधील बिल्टमोर हॉटेलात मे १९४२ मध्ये भरलेल्या परिषदेत संपूर्ण पॅलेस्टाइनमध्ये ज्यू राष्ट्रकुल स्थापन करण्याचे ध्येय झायनवादी नेत्यांनी प्रथमच उघडपणे घोषित केले. त्याची प्रतिक्रिया म्हणून त्याच वर्षी मॅग्नस, बूबर, सायमन, काल्वारिस्की प्रभृतींनी इहूदची स्थापना केली. अमेरिकन ज्यू महिलांच्या ‘हदासा’ या आरोग्यकार्य करणाऱ्या संघटनेच्या संस्थापिका हेन्रिएटा सोल्ड (१८६०–१९४५) या तीत सहभागी झाल्या. हजारो ज्यू मुलांना नाझी यूरोपातून सोडवून आणणाऱ्या योजनेची धुरा त्यांच्याकडे असल्यामुळे, इहूदला ज्यूंच्या जीविताची पर्वा नाही या आरोपास परस्पर उत्तर मिळाले. डाव्या कामगार चळवळीतील ‘हाशोमेर हात्झाइर’ या किबुत्झ-संघटनेचाही द्विराष्ट्रीय राज्यास पाठिंबा होता. तो लाभल्यामुळे या विचाराला प्रथमच काहीसे जनाधाराचे स्वरूप आले. इहूदने पूर्वीची ४० टक्क्यांची मर्यादा सोडून, ज्यूंची संख्या अरबांइतकी होईपर्यंत त्यांना प्रवेश द्यावा व शासनसंस्थांत दोघांना समसमान प्रतिनिधित्व असावे, अशी योजना मांडली.

अरबांच्या बाजूने या योजनेस मिळालेला एक प्रतिसाद उल्लेखनीय आहे. जेरूसलेमच्या मुफ्तींचे आप्त फौझी दर्वीश अल्-हुसेनी यांनी ‘नवे पॅलेस्टाइन’ या अर्थाच्या नावाचा एक लहान गट स्थापन करून ११ नोव्हेंबर १९४६ रोजी ज्यू–अरब सलोख्याचे कार्य करणाऱ्या मंडळाशी राजकीय समतेच्या तत्त्वावर करार केला. बारा दिवसांनी त्यांचा खून झाला. समेटाची भाषा करणाऱ्या ज्यूंना स्वसमाजात उपहास व बहिष्कार सहन करावा लागे. अरबांना प्राण गमवावे लागत. दोन्ही समाजांतील मवाळांची तुलना करताना हा फरक नजरेआड करता येत नाही.

मॅग्नस व बूबर यांनी मार्च १९४६ मध्ये अँग्लो-अमेरिकन चौकशी समितीपुढे साक्ष दिली. पॅलेस्टाइन हे ज्यू राज्यही असू नये व अरब राज्यही असू नये आणि यूरोपातील १,००,००० निर्वासित ज्यूंना तेथे ताबडतोब प्रवेश मिळावा, या समितीच्या शिफारशींवर त्यांच्या मताची छाया स्पष्ट दिसते. ब्रिटिश सरकारने त्या अंमलात आणल्या नाहीत. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या अकरा राष्ट्रांच्या विशेष समितीपुढे मॅग्नस पुन्हा उभे राहिले. देशाची लोकसंख्या तोवर सु. १८,४६,००० झाली होती व तीत ज्यू सु. ६,०८,००० होते. समितीच्या बहुमताने फाळणीची शिफारस केली. भारत, इराण व यूगोस्लाव्हिया यांनी सादर केलेल्या अल्पमताच्या योजनेत ज्यू व अरब घटकराज्यांचे एक संघराज्य सुचविलेले होते. त्याच्या विधिमंडळाच्या एका सभागृहात लोकसंख्येनुसार, तर दुसऱ्यात दोन्ही समाजांना सारखे प्रतिनिधित्व द्यावयाचे होते. भारताची स्वतःची फाळणी त्याच उन्हाळ्यात होत होती, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी (१० राष्ट्रे तटस्थ) फाळणीचा ठराव संमत केला. भारताने विरोधी मत दिले.

युद्ध लगेचच सुरू झाले. ९ एप्रिल १९४८ रोजी जहाल ज्यू संघटनांनी देर यासीन या अरब खेड्यात शंभराहून अधिक ग्रामस्थांची हत्या केली. १३ एप्रिल रोजी स्कोपस टेकडीवरील विद्यापीठ व रुग्णालय यांकडे जाणाऱ्या वाहनांच्या तांड्यावर अरबांनी हल्ला करून ७० हून अधिक डॉक्टर, परिचारिका व इतरांना ठार केले. मृतांपैकी अनेक मॅग्नस यांच्याच संस्थेतील होते. त्यानंतर ते अमेरिकेस गेले व मेच्या प्रारंभी अध्यक्ष ट्रूमन यांना भेटून त्यांनी युद्धबंदी व तात्पुरती विश्वस्त व्यवस्था यांसाठी रदबदली केली. १४ मे रोजी इझ्राएलची स्थापना घोषित झाली. मॅग्नस यांनी ती वस्तुस्थिती स्वीकारली व दोन स्वतंत्र राज्यांच्या शिथिल संघाची नवी योजना मांडली. राजकीय विचारवंत हॅना आरेंट त्यांच्या अखेरच्या प्रयत्नांत त्यांना साहाय्य करीत होत्या. अरब निर्वासितांच्या प्रश्नाने मॅग्नस अखेरपर्यंत व्यथित होते. २७ ऑक्टोबर १९४८ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

या प्रयत्नांच्या अपयशाची मीमांसा करताना पुरस्कर्त्यांच्या मर्यादा सांगितल्या पाहिजेत. ते प्राध्यापक होते, संघटक नव्हते. पूर्व यूरोपातून आलेला कामगारवर्ग त्यांच्यापासून दूर राहिला आणि अरबी ही मातृभाषा असलेल्या पौर्वात्य ज्यूंकडे, एखाददुसरा अपवाद वगळता, ते वळलेच नाहीत. समसमान प्रतिनिधित्व ही त्यांना उदार सवलत वाटे. परंतु दोनतृतीयांश असलेल्या समाजाच्या दृष्टीने तो बहुमताच्या हक्काचा त्याग होता, हे त्यांनी पुरेसे ओळखले नाही. ब्रिटिश सत्तेच्या आश्रयाने येणाऱ्यांनी बरोबरीची भाषा बोलावी, हेही अरबांना पटणे कठीण होते. आणि तरीही, केवळ बळावर उभारलेले राज्य पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रसज्ज राहण्यास बांधले जाईल, हे त्यांचे भाकीत व्यवहारी म्हणविणाऱ्या टीकाकारांच्या अंदाजांपेक्षा अधिक अचूक ठरले.

इझ्राएलमधील नागरी हक्क : स्थापनेच्या घोषणापत्रात धर्म, वंश वा लिंग असा भेद न करता सर्व नागरिकांना सामाजिक व राजकीय समतेचे आश्वासन होते. युद्धानंतर देशात राहिलेल्या सु. १,५६,००० अरबांना मताधिकार मिळाला. तथापि त्यांपैकी बहुतेक लष्करी प्रशासनाखाली होते व गावाबाहेर जाण्यासाठीही त्यांना परवाना लागे. इहूदचा आग्रह आता द्विराष्ट्रीय राज्यावरून या लोकांच्या समानतेकडे वळला. बूबर, सायमन व इतर काहींनी १९४९ मध्ये बेन-गुरिअन यांस पत्र लिहून, देर यासीनच्या जागी निदान काही काळ नवी वसाहत करू नये, अशी विनंती केली. ती मान्य झाली नाही. १९५३ च्या भूसंपादन कायद्याने अरबांच्या जमिनी घेण्यावर कायदेशीर शिक्कामोर्तब झाले, तेव्हा बूबर यांनी संसदेच्या सभापतींकडे निषेध नोंदविला. ऑक्टोबर १९५६ मध्ये कफ्र कासिम या गावी, संचारबंदी पुकारल्याचे ठाऊक नसलेल्या व शेतावरून परतणाऱ्या ४९ अरब नागरिकांना सीमा पोलिसांनी गोळ्या घातल्या. इहूदच्या नेर (अर्थ ‘दिवा’) या नियतकालिकाचा सूर यानंतर अधिकच तीव्र झाला. लष्करी प्रशासनास पुढे साम्यवादी, डावे झायनवादी व बेगिन यांचा उजवा पक्ष असा विविधरंगी विरोध उभा राहिला. १९६३ मध्ये संसदेतील त्यासंबंधीचा प्रस्ताव अवघ्या एका मताने पडला. हे प्रशासन १९६६ च्या अखेरीस रद्द झाले. बूबर त्याच्या आदल्या वर्षी, १३ जून १९६५ रोजी निवर्तले होते.

जून १९६७ च्या युद्धात वेस्ट बँक व गाझा पट्टी इझ्राएलच्या ताब्यात आल्यावर प्रश्नाचे स्वरूपच पालटले. लाखो पॅलेस्टिनी आता नागरिकत्वाविना लष्करी अंमलाखाली आले. पूर्वीचे समतावादी फाळणीस विरोध करीत असत. त्यांच्या वारसांनी मात्र फाळणी, म्हणजे शेजारी स्वतंत्र पॅलेस्टिनी राज्य, हाच समतेचा एकमेव मार्ग मानला. निवृत्त सेनानी मत्तित्याहू पेलेद व इतरांनी १९७५ मध्ये स्थापन केलेल्या इझ्राएली–पॅलेस्टिनी शांतता परिषदेने स्वतःस झायनवादी म्हणवून घेत पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेशी संपर्क साधला. तिच्याशी बोलणारे पॅलेस्टिनी नेते इसाम सर्तावी यांची एप्रिल १९८३ मध्ये पोर्तुगालमध्ये हत्या झाली. मार्च १९७८ मध्ये ३४८ राखीव सैनिकाधिकाऱ्यांनी पंतप्रधान बेगिन यांना लिहिलेल्या पत्रातून ‘पीस नाऊ’ (शालोम आख्शाव) ही चळवळ जन्मास आली. बैरूतमधील साब्रा व शातीला छावण्यांतील हत्याकांडानंतर २५ सप्टेंबर १९८२ रोजी तेल आवीव्ह येथे तिच्या पुढाकाराने निघालेला प्रचंड मोर्चा हा या प्रवाहाच्या लोकाधाराचा उच्चांक म्हणता येईल. फेब्रुवारी १९८३ मध्ये जेरूसलेम येथील निदर्शनावर एका ज्यू इसमाने टाकलेल्या हातबाँबने एमिल ग्रुन्झवाइग हा कार्यकर्ता ठार झाला. शूलामित आलोनी यांच्या नागरी हक्क पक्षासह तीन पक्षांच्या युतीतून १९९२ मध्ये ‘मेरेत्झ’ पक्ष उभा राहिला व यित्झाक राबीन यांच्या शासनात सहभागी झाला. त्या शासनाने १९९३ मध्ये ऑस्लो करार केला. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी राबीन यांची एका ज्यू अतिरेक्याने हत्या केली.

त्यानंतरच्या काळात ही बाजू सातत्याने क्षीण होत गेली. जुलै २०१८ मध्ये संसदेने ६२ विरुद्ध ५५ मतांनी संमत केलेल्या राष्ट्रराज्य कायद्याने देशातील आत्मनिर्णयाचा अधिकार केवळ ज्यू लोकांचा ठरविला व अरबीचा राजभाषेचा दर्जा काढून तिला विशेष दर्जा दिला; समता हा शब्द त्यात नाही. नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत मेरेत्झला एकही जागा मिळाली नाही व २०२४ मध्ये तो पक्ष मजूर पक्षाबरोबर ‘डेमोक्रॅट्स’ या नव्या पक्षात विलीन झाला. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात सु. १,२०० जण ठार झाले. त्यांत गाझातील रुग्णांना इझ्राएली रुग्णालयांत पोहोचविण्यासाठी वर्षानुवर्षे राबलेल्या, ‘विमेन वेज पीस’ या महिला संघटनेच्या एक संस्थापिका व्हिव्हियन सिल्व्हर यांचा समावेश होता. त्यापाठोपाठच्या गाझातील युद्धात हजारो पॅलेस्टिनी नागरिकांचा बळी गेला. ‘सर्वांची भूमी’ या अर्थाचे नाव धारण करणाऱ्या, २०१२ मध्ये सुरू झालेल्या ज्यू–पॅलेस्टिनी चळवळीची योजना दोन सार्वभौम राज्ये, त्यांच्यामध्ये खुली सीमा, सामाईक जेरूसलेम व समान संघीय संस्था अशी आहे. तिचा आराखडा मॅग्नस यांनी १९४८ च्या अखेरच्या महिन्यांत मांडलेल्या योजनेशी पुष्कळ अंशी जुळतो.